तार चढवणार नाही

बाळांनो, मागच्या रविवारी व्हिडिओ कॉलवर तुम्ही दोघांनी विचारलंत, "आजी, मँडोलिन घ्यायचंय, कुठलं घेऊ?" तेव्हा मी घाईघाईत काहीतरी सांगितलं. ते विसरा, इथे नीट लिहिते. आत्ताच लिहायला बसले त्याला कारण आहे. इथे लातूरला तुमच्या काकाने हॉलमध्ये माझ्या मँडोलिनसाठी काचेचं कपाट करून घेतलं आहे. आत दिवा, मागे मखमल. वाद्य आता शोभेला ठेवावं असं त्याचं म्हणणं. मला ते मान्य नाही, आणि तुम्हाला सल्ला देणारी बाई अजून वाजवते की नाही, हे तुम्हाला आधी कळायला हवं.

तर, घेताना. विजेवर चालणारं पहिल्यांदा घेऊ नका. त्यात हाताची चूक आवाजाआड लपते आणि मग ती जन्मभर राहते. साधं लाकडी घ्या. दुकानात गेल्यावर वाजवून बघण्याआधी ते डोळ्यासमोर बंदुकीसारखं धरा आणि दांडीवरून नजर टाका. दांडी सरळ दिसली तरच पुढचं बोला. तारा बारीक घ्या. जाड तारांनी आवाज मोठा होतो असं दुकानदार सांगेल, पण त्यांचा सगळा ताण तारा ज्यावर टेकतात त्या घोडीवाटे समोरच्या पातळ फळीवर येतो. पिक, म्हणजे तार छेडायची चकती, चिमटीत सैल धरा, दाबून नाही. तार थरथरवायची ती मनगटातून. खांदा दुखायला लागला तर चुकतंय असं समजा. आणि आमच्याकडच्या उन्हाळ्यातला धडा: वाद्य कूलरसमोर ठेवायचं नाही. ओल्या वाऱ्याने लाकूड फुगतं आणि बाहेर काढलं की तडकतं. तुमच्याकडे कूलर नसेल, हीटर असेल. त्याच्यासमोरही नाही.

हे मी नांदेडला शिकले. मी कॉलेजात असताना आमच्या गल्लीत एक ऑर्केस्ट्रावाले राहायचे. लग्नांतून मँडोलिन वाजवायचे. मुलीने हे वाद्य शिकावं हे गल्लीत कुणालाच पटलं नव्हतं. माझ्या आईला लोक विचारायचे, "पोरगी बँडात धाडायची हाय का?" आई म्हणायची, "धाडीन, तुमच्या घरच्या लग्नात फुकट वाजवील." मग विचारणं बंद झालं.

मी त्या ऑर्केस्ट्रावाल्यांकडे शिकायला गेले तेव्हा गुरुजींकडे दोन वाद्यं होती. एक वाजवायचं, दुसरं भिंतीला टेकवलेलं, समोरची फळी आत बसलेली. ते नायगावच्या एका लग्नात कामातून गेलं होतं. गाणाऱ्या बाईंचा आवाज उंच. त्या म्हणाल्या, माझ्या पट्टीत आणा. गुरुजींनी खुंट्या पिळून आठही तारा वर चढवल्या. दुसऱ्या गाण्याला घोडीखालची फळी कडकन खाली गेली आणि नवरदेवाकडच्यांना वाटलं फटाका फुटला. गुरुजी सांगताना हसायचे, पण मला पहिल्या दिवशी त्यांनी बजावलं होतं, "बेटा, लाकडाशी जबरदस्ती करायची न्हाई. गाणारी वर गेली तर आपण बोटं वर न्यायची."

नंतर नांदेडच्या शाळेत इंग्रजी शिकवण्यात नोकरीची वर्षं गेली, वाजवणं संध्याकाळपुरतं राहिलं. तुमचे आजोबा गेल्यावर मी लातूरला काकाकडे राहायला आले. इथे माझ्यासोबत वाजवणारं कुणी नव्हतं. खोलीचं दार लावून वाजवायचे. काका वाईट नाही, हे ध्यानात ठेवा. पण कपाट आलं त्या दिवशी आमचं बोलणं झालं ते असं.

"आई, बोटं दुखतात म्हणून तूच म्हणतेस."

"दुखतात असं सांगितलं. थांबते असं कुठे सांगितलं?"

"अगं, पण वाजवतेस कुणासोबत? एकटीच खोलीत. कपाटात निदान आल्यागेल्याला दिसेल तरी."

मी म्हटलं, "मला बघायला कुणी येत असेल तर मलाही आत बसव."

तो कपाटाची काच पुसायला लागला. पण त्याचं एक वाक्य मला लागलं होतं, कारण ते खरं होतं. सोबत नसली की वाजवणं आपोआप कमी होत जातं. आठवड्यातून एकदा, मग सणासुदीला, मग कपाट. म्हणून मी कॉलनीतल्या देवीच्या देवळात, मंगळवारच्या महिला भजनी मंडळात गेले. तिथे मला घेतलं तर वाद्य बाहेर राहणार होतं. नाही घेतलं तर काकाशी भांडायला माझ्याकडे काही उरणार नव्हतं.

मंडळाच्या म्होरक्या ताई देवणीकडच्या. शेतावर हाका मारून कमावलेला आवाज. त्यांची रीत पक्की: पेटीवर त्यांचा सा धरायचा, काळी चार, आणि बाकी सगळ्यांनी त्या पट्टीत यायचं. ढोलकीच्या कड्या ओढून तिला वर आणलं. मग सगळ्या माझ्याकडे बघायला लागल्या.

"मॅडम, तुमचं बी चढवा."

"हे चढवायचं नसतं, ताई. मी आहे तशाच तारांवर तुमच्या पट्टीत वाजवते."

"असं कसं? ढोलकी चढती, एकतारी चढती, तुमचंच का न्हाई?"

पेटीवाली हसून म्हणाली, "मॅडमचं वाद्य इंग्लिश मीडियमचं हाय. आपल्या पट्टीत येईना."

सगळ्या हसल्या. मीही हसले, पण खुंटीला हात लावला नाही. लावला असता तर त्याच संध्याकाळी जागा मिळाली असती, आणि फळी बसली की कपाटाला खरंच एक शोभेची वस्तू मिळाली असती. मी म्हटलं, "आधी ऐका. नाही जमलं तर मी स्वतः उठून जाईन."

आता तुमच्यासाठी जरा शिक्षण. मँडोलिनच्या मोकळ्या तारा वाजवणं सोपं असतं, म्हणून आपल्याकडे बरेच जण गाणाऱ्याचा सा मोकळ्या तारेवरच आणून ठेवतात. काळी चार म्हणजे माझ्या तारांच्या सर्वांत जाड जोडीवर पहिला पडदा, दांडीवरची पहिली आडवी धातूची रेघ. तिथे सा धरला की शेजारच्या जोडीवर त्याच पडद्यावर प मिळतो. फक्त मोकळी तार एकही वाजवायची नाही. प्रत्येक सूर बोटाने दाबायचा. पहिलं बोट आडवं पडतं आणि माझं नेमकं तेच बोट दुखतं. मी ते पाडलं.

पहिलं भजन नीट झालं. ताईंनी माझ्याकडे बघितलंही नाही. दुसऱ्याच्या मध्यावर त्यांनी पेटीवालीला खूण केली आणि कडवं संपता संपता सरळ काळी पाचवर गेल्या. ढोलकीवाली गडबडली, टाळ क्षणभर मागे पडले. हे माझ्यासाठीच होतं हे कळायला हुशारी लागत नव्हती. तारा चढवून बसले असते तर मी तिथेच थांबले असते. मी हात दोन पडदे वर सरकवला आणि चालू राहिले. वर बोटांना जागा कमी, पण पडदे जवळजवळ असतात, म्हाताऱ्या हाताला ते उलट बरं पडतं. कडवं संपलं तेव्हा ढोलकीवाली अजून कड्या ओढत होती.

ताई पदराने तोंड पुसत म्हणाल्या, "मोकळी तार कशी घुमती, तसं घुमत न्हाई तुमचं."

"नाही घुमत," मी म्हटलं. "तेवढं सोडावं लागतं."

"मग चढवत का न्हाई?"

"चढवणार नाही."

त्यांनी पदर खोचला. मग पेटीवालीला म्हणाल्या, "जरा सरक तिकडं. मॅडमला बसायला जागा न्हाई."

याला त्या हार मानत नाहीत, मीही नाही. प्रत्येक मंगळवारी त्या एकदा तरी मला चढवायला सांगतात आणि मी एकदा तरी नाही म्हणते. मधूनच पट्टी बदलून मला पाडायचा प्रयत्न करतात. परवा त्या इतक्या वर गेल्या की त्यांचाच आवाज फाटला, तेव्हा म्हणाल्या, "मॅडम, हसा, हसून घ्या." मी हसून घेतलं.

काका एकदा ऐकायला आला होता, मागे चपलांपाशी उभा राहिला. घरी येताना वाद्याची पेटी त्याने उचलली. कपाट अजून रिकामंच आहे, आणि मी त्याला त्याबद्दल बोलायला लावलं नाही. बोटांचं म्हणाल तर ती दुखतात. डॉक्टरांनी विश्रांती सांगितली, ती मी बुधवारी घेते.

तुम्ही वाद्य घ्याल तेव्हा दुकानातूनच मला फोन लावा आणि दांडी कॅमेऱ्यासमोर धरा. दुकानदार काय म्हणतो ते मला सांगू नका. मी बघून सांगेन. आणि शिकायला लागलात की कुणीतरी तुम्हाला नक्की म्हणेल, तारा जरा ओढून घ्या, सोपं जाईल. त्याला नाही म्हणा. मग कारण सांगा, नाहीतर सांगू नका.

माझ्या मँडोलिनची दांडी सरळ आहे, फळी बसलेली नाही, आठही तारांना सूर आहे. डाव्या हाताची तीन बोटं चांगली चालतात, चौथं सांगितलं की चालतं. मंगळवारी मी वाजवते.