देवीच्या पदरावरचा मोर

“तुझे टाके तूच उसव,” बाई म्हणाल्या. कात्री फरशीवरून माझ्याकडं सरकवली. हातात दिली नाही. आदल्याच दिवशी माझा हात धरून त्यांनी सगळ्या बायकांना दाखवलं होतं, “बघा, हात असा चालला पाहिजे.”

पुढ्यात देवीची साडी. पदरावर मी भरलेला मोर.

राहुरीत बाईंच्या बंगल्यावर भरतकामाचा क्लास चालायचा. डॉक्टरांच्या, बागायतदारांच्या घरच्या बायका यायच्या. मी कॉलेज सुटल्यावर जायचे. फीऐवजी बाईंच्या ऑर्डरी भरून द्यायचे. साखळी टाका लवकर बसला. गाठीच्या टाक्यानं मात्र रडवलं. दोरा सुईला गुंडाळून ओढला की गाठ कापडाखाली निसटायची. आईच्या जुन्या लुगड्याच्या तुकड्यावर गिरवत राहिले. एक दिवस गाठी ओळीनं बसल्या, ज्वारीच्या दाण्यांसारख्या. आपल्याला काहीतरी येतं, असं जन्मात पहिल्यांदा वाटलं.

नवरात्रात देवीला साडी द्यायचं क्लासनं ठरवलं. मोर माझ्याकडं आला. तो पुरा झाला त्या दिवशी आई मला न्यायला आली. नगरपालिकेचं झाडलोटीचं काम करून तशीच आलेली, अंगात कामाचा कोट. फाटकातच थांबली. ओट्यावर बाईंच्या सासूबाई होत्या. त्यांनी तिला ओळखलं.

“ही त्या झाडूवालीची पोरगी हाय व्हय? आन् देवीच्या लुगड्याला हिचा हात?”

बाई उठल्या. आत जाऊन कात्री घेऊन आल्या.

मी कात्री उचलली. पिसाऱ्याचे टाके कापायला लागले. रेशीम सुटत गेलं. सोबतच्या बायका मोबाईलमध्ये बघत होत्या. एकीनंही मान वर केली नाही.

“कर गं बाई पटकन,” आई फाटकातून म्हणाली. “मग जाऊ आपन.”

तो अजीजीचा आवाज मी लहानपणापासून ऐकला होता. मुकादमाशी बोलताना आई असाच आवाज काढायची. आज तो माझ्यासाठी काढत होती. मी कात्री खाली ठेवली.

“मी न्हाई उसवनार. इटाळ तुमच्या डोक्यात हाय. तुमीच उसवा.”

क्लासमध्ये मी जपून, शुद्ध बोलायचे. त्या दिवशी घरची भाषा आपोआप तोंडात आली.

रस्त्यात आई माझ्यावरच चिडली. “शिकू देत हुत्या ना? गप बसाया काय झालं हुतं?” मी रस्त्यातच तिच्याशी भांडले. घरी येऊन दोघी जेवलो नाही.

नवरात्रात क्लासच्या ग्रुपवर फोटो आला. देवीच्या अंगावर तीच साडी. मोराच्या जागी कमळ. खाली सगळ्यांचे जोडलेल्या हातांचे इमोजी. मी ग्रुप सोडला. नंतर कितीतरी दिवस सुई हातात घेतली की बोटं आखडायची. चीड यायची. बाईंची, त्या बायकांची, आणि मी आधी कात्री उचलली त्याचीही.

परवा बाईंचा फोन आला.

“मुलीच्या लग्नाचा ब्लाउज आहे. गाठीचं काम तुझ्यासारखं कुणाला जमत नाही. तू घरी नको येऊस, ड्रायव्हर कापड आणून देईल. आणि कुणाजवळ बोलू नकोस.”

मी म्हणाले, “करते. पण पाठीवर, सगळ्यांना दिसेल असं, माझं पूर्ण नाव भरणार.”

“वेडी झालीस का?”

“मग दुसरीकडं बघा.”

त्यांनी फोन ठेवला. आई चुलीपाशी होती. तिनं विचारलं, “काम गेलं?”

“गेलं.”

जाऊ दे. मी कोण, कुणाची पोर, हे जगाला सांगून ज्याला माझं काम हवं, त्यानं यावं. चोरून मी आता एक टाकाही घालणार नाही.