सालम पलगे

निलंग्याकडच्या त्या गावात शेषेरावाला ओळखत नाही असा माणूस नव्हता. शेषेराव मात्र समोरून गेलेल्याला ओळखेलच असा भरवसा नव्हता. माणूस कष्टाळू, कुणाच्या अध्यात ना मध्यात. खोड एकच. सण आजचा असला की हा उद्यात. दिवाळीला करंजी तोंडात आणि डोक्यात हरभऱ्याची पेरणी, संक्रांतीला तिळगूळ हातात आणि डोक्यात खळं. ताटात काय वाढलं होतं, हे हात धुतल्यावर विचारा, सांगता यायचं नाही. त्यात ते लढाईचे दिवस. निजाम सरकारने राशीतला वाटा सक्तीने उचलणारी धान्याची लेव्ही सुरू केली, म्हणजे त्याच्या काळजीला आयतंच घर मिळालं.

अशातच येळवस आली. मार्गशीर्ष अमावास्येला अख्खा गाव रानात जातो, कडब्याच्या झोपडीवजा कोपीत पांडवांची पूजा होते आणि मग घरधनी उभ्या ज्वारीभोवती आंबील शिंपत फिरतो. पुढच्याने "ओलगे, ओलगे!" अशी हाळी द्यायची, मागच्याने "सालम पलगे!" म्हणून ओ द्यायची. शेषेरावाला लेक एकच, सिंधु. ती चालायला लागल्यापासून मागची ओ तिचीच. लग्न होऊन ती देगलूरच्याही पलीकडे, तेलंगी मुलखाच्या काठावर गेली होती आणि सासरहून पहिल्यांदाच सणाला आली होती. उद्या उजाडताच गाडी तिला घेऊन जाणार. आल्यापासून पोरीने बापाशी बोलायचा कितीदा तरी प्रयत्न केला, आणि दरवेळी बाप "हूं, हूं" करत गोठ्याकडे चालता झाला.

पूजा आटोपली तशी त्याची बायको तारामती म्हणाली, "आवं, पोरगी उद्या चालली. आजच्या दिस तरी मन जाग्यावर ठिवा. तिला काय बोलायचंय ते ऐका."

"ऐकतो की. मी काय बहिरा हाय?"

निघाले बापलेक. पहिल्या बांधापर्यंत सगळं झकास चाललं. मागून तिचा खणखणीत आवाज आला की शेषेरावाला खरोखर बरं वाटत होतं. मग एका जागी ज्वारी विरळ दिसली. विरळ दिसली म्हणजे रास कमी, रास कमी म्हणजे लेव्ही देऊन उरणार काय, आणि ढवळ्या बैल तर आत्ताच लंगडायला लागलाय! पाय चालत राहिले, हात आंबील शिंपत राहिला, तोंड हाळी देत राहिलं. शेषेराव तेवढा त्यात नव्हता.

"शेषेराव!"

समोर संगप्पा उभा. शेजारचा शेतकरी. बांधावरच्या बाभळीवरून भांडण होऊन दोघांचं बोलणं बंद होतं. आज तो ओठ दाबून हसत होता.

"माजं रान शिंपायलास, शिंप बापा, मला काय! पर तुजी लेक कुठंय? कवापासून तू एकलाच वरडायलास."

शेषेरावाने मागे पाहिलं. मागे नुसती ज्वारी. संगप्पाच्या रानातून तो धावतच परत निघाला.

सिंधु पार पलीकडच्या बांधावर बसली होती. टाचेत बाभळीचा काटा शिरला होता.

"हाका मारल्या आबा. तुमी गेलाव तसंच."

तिच्या बोलण्यात राग नव्हता. असता तर शेषेरावाला सोपं गेलं असतं. त्याने आंबिलीचं मडकं खाली ठेवलं, तिचा पाय मांडीवर घेतला आणि दुसऱ्या काट्याने तो काटा अलगद उकरून काढला. कोपीकडून तारामतीने जेवायला हाक मारली. तो उठला नाही.

"सिंधे, तिथं कसं हाय गं तुला?"

पोर टाचेची माती झाडू लागली.

"घरात समदे तेलगूतच बोलत्यात, आबा. मला कळत न्हाई. दिसभर माज्याशी कुणी बोलत न्हाई." तिने बापाकडे पाहिलं. "हितं आल्यावर बी तसंच झालं."

शेषेरावाला रडू आवरलं नाही. तिचा पाय तसाच धरून तो म्हणाला, "बोल माय. समदं बोल."

अर्ध्या रानाला आंबील शिंपायची राहून गेली. उन्हं उतरली तरी सिंधु बोलत होती, आणि बाप मधूनमधून विचारत होता, "मंग? मंग काय झालं?"