शहिदाच्या दगडावरची ओळ

अजूनही कुठं डांबराचं पिंप दिसलं, की सीमाभागात जांबोटीकडच्या एका गावातला तो दगड माझ्या डोळ्यांपुढं उभा राहतो.

तेव्हा मी तिथल्या ठाण्याचा फौजदार. घर मराठी, नोकरी कर्नाटक पोलिसांत. म्हणजे दोन्हीकडून शिव्या ठरलेल्याच. देशाच्या सरहद्दीवर चकमकी पेटल्या तेव्हा मात्र मराठी-कानडी वाद कुणाच्या तोंडी नव्हता. गावचा जवान कामी आला, तर शेजारच्या कानडी वाडीतली माणसंही हमसून रडली. मग तोफा थांबल्या आणि जो तो त्याला आपल्याकडं ओढू लागला. तरुण मंडळानं त्याच्या नावाचा दगड उभारला आणि नावाखाली कोरलं, ‘कानड्यांपुढे न झुकणाऱ्या मातीचा वीर’. वर्षश्राद्धाच्या तोंडावर त्या दगडाला कुणीतरी डांबर फासलं.

मंडळाच्या अध्यक्षानं फिर्याद दिली, बंद पुकारला. आमच्याकडं मराठी फलकाला काळं लागलं की कानडी पोरं उचलायची आणि कानडीला लागलं की मराठी, असा रिवाजच. वाडीतली दोन पोरं चौकशीला आणली. उलटसुलट विचारलं. खोटं बोलणारा तपशील फार देतो. ही नुसती रडत होती. बंद चिघळला असता तर ह्या दोघांची घरं पहिली फुटली असती.

दुपारी बाईच्या आवाजात निनावी फोन आला. “साहेब, पोरास्नी सोडा. दगड नीट बघा जावा.”

गेलो. ओळ पार बुजलेली. पण वर नावावर उडालेले शिंतोडे रॉकेलनं पुसून काढलेले. वैरी कशाला पुसेल? हे नाव जपणाऱ्या घरच्याच माणसाचं काम. पावसाआधी पत्र्याच्या भेगा बुजवायला तिकडं घरोघरी डांबर असतंच. बाईमाणसाचा जबाब घरीच घ्यायचा, म्हणून महिला कॉन्स्टेबल घेऊन जवानाच्या आईकडं गेलो.

“व्हय, म्याच फासलं, फोनबी म्याच केला,” मी विचारायच्या आधीच ती म्हणाली. “लढाईतनं माझ्या पोराला खांद्यावर घिऊन आला त्यो बैलहोंगलचा कानडी पोरगा. मला अव्वा म्हनतो, म्हंजी आई. वर्षाच्या दिवशी येनार हाय. त्येला ह्ये काय म्हनून दावू?”

मी म्हटलं, “आक्का, जबाब लिहिला तर गावभर होईल.”

“हू दे की. म्याच सांगन.”

आणि देवळापुढं जमलेल्या गावाला तिनं सांगितलंही. अध्यक्ष गडबडला. “काकू, आमचं दुखनं खोटं न्हाय.”

“खोटं कुठं म्हंते, बाबा? पर ते माझ्या पोराच्या नावाखाली नगं.”

पोरं सोडली, फिर्याद मागं घेतली गेली. ती ओळ अध्यक्षानंच छिन्नीनं काढली.

लढाई माणसाला देशाचा करते असं आपण म्हणतो, ते खरंच आहे. पण ती संपली की मेलेल्याला आपापल्या झेंड्यात गुंडाळायची घाई सुटते, आणि सगळ्यांचाच राग खरा असतो, हेच अवघड. वर्षश्राद्धाला तो कानडी जवान आला. दगडावरची खरवडलेली जागा बघून म्हणाला, “इथं काय होतं?”

अध्यक्ष पुढं झाला. “तुमाला शिवी होती, दादा. आम्हीच लिवली होती.”

जवानानं अध्यक्षाचा हात धरला आणि दोघं आईनं मांडलेल्या पंगतीत शेजारीशेजारी जेवायला बसले.