घारीला वारा

मला इथं उभं केलं ते घारवाल्या मामांनी. बाकी सगळं त्यानंतरचं. आणि उभं केलं म्हणजे खरोखरच उभं, कारण या माणसाइतका बसण्याचा वैरी पृथ्वीवर दुसरा नसेल. मी सांगलीकडचा, आठवीतच शाळा सुटलेला. ट्रकवर क्लीनर म्हणून चिखला गावच्या मँगनीज खाणीपर्यंत आलो, तिथलं काम सुटलं, आणि भंडाऱ्याच्या बसस्टँडवर मांडीवर पिशवी घेऊन बसलो होतो. समोर धोतरातले एक काटकुळे गृहस्थ थांबले. "काहून बसला बे? हे बादली धर." बादलीत मासळी होती. ती धरून मी त्यांच्यामागं वैनगंगेचा पूल ओलांडून कारध्याकडच्या प्राणीकेंद्रात आलो, तो आजतागायत इथंच.

जंगलात परत सोडता येत नाहीत असे जीव इथं राहतात. मामा त्यांचं खाणंपिणं बघतात. चहा ते चालत पितात, त्यामुळं निम्मा चहा केंद्राच्या वाटेला मिळतो. ताट हातात घेऊन कणा दुखावलेल्या अजगराच्या पिंजऱ्याला फेऱ्या घालतात आणि सिहोरा गावच्या आपल्या शेतातल्या धानाची खबर त्याला देतात. एका डोळ्यानं आंधळ्या घुबडाला चांगल्या डोळ्याच्या बाजूनं जाऊन "रामराम, पाटील" करतात. पाहुण्यांसाठी एक बाक होता, तो त्यांनी सावली म्हणून कासवाला देऊन टाकला.

पण त्यांचा खरा जीव मांज्यानं पंख कापलेल्या घारीत. रोज दुपार कलली की चामडी हातमोज्यावर तिला घेऊन ते तळ्याच्या पाळीवरून धावत सुटायचे, धोतर शिडासारखं फुगलेलं. केंद्रातले जनावरांचे डॉक्टर म्हणायचे, "मामा, यानं पंख येणार नाही." "उडता येत नाही, तं का वाराही नाही लागू द्याचा पाखराले?"

माझी पिशवी मात्र खाटेखाली भरलेलीच असायची. कधी कोण 'जा' म्हणेल याचा नेम काय? मामांना ती दिसली. "अबे, इथं सगळ्यायमधून तुलेच जाता येते. मंग घाई कायची?"

धान कापणीच्या दिवसांत मामा पाळीवरून घसरले, गुडघा गेला. घारीनं खाणं टाकलं. डॉक्टरांनी मान हलवली. मामांनी तळ्याकडेला टाकलेल्या खाटेवरून हातमोजा माझ्या अंगावर भिरकावला. मला तिच्या नखांची एवढी धास्ती, की तिला हातावर घेऊन मी पाळीवरून डोळे मिटूनच पळालो.

"डोळे उघड बे! तळ्यात नेऊन राहिला तिले!"

उघडले. हातावर ती दीड पंख पसरून उभी होती, मान पुढं काढून. परत आलो, तेव्हा तिनं मामांच्या हातून तुकडा घेतला. मामांनी आपल्या गुडघ्याकडं बोट केलं. "हाडाचा डाक्टर म्हणते, आता पळता येत नाही. म्हणजे मीबी इथलाच झालो."

त्या संध्याकाळी मी पिशवी रिकामी केली. आता रोज मीच पळतो, आणि मामा काठीला टेकून उभ्यानंच ओरडतात, "उंटावानी काहून पळून राहिला?"

एक जुनी मोटरसायकल बघून ठेवली आहे. हातात आली की मामांना मागं घेऊन वैनगंगेच्या पुलावरून असा सुटेन, की ते धोतर पुन्हा फुगलंच पाहिजे. तेवढ्यापुरतं तरी त्यांना बसावं लागेल.