हातभर आखूड पट्टी

जुन्या सुती साडीची ती पट्टी अजूनही माझ्या डोळ्यांसमोरून हलत नाही. वारज्यातल्या आमच्या पोलीस चौकीत सकाळी आठला फोन खणखणला. सत्तरीच्या एक आजी त्यांच्या समोरच्या इमारतीतली तक्रार सांगत होत्या. "तीन वर्षांच्या पोरीचा पाय कॉटला बांधून आई कामाला जाते. रोज. आपण येताय, की रिक्षा पाठवू?"

माझं डोकंच फिरलं! हवालदाराला घेऊन तसाच निघालो. अर्धवट बांधलेल्या मजल्यावर एक खोली, पुढे गॅलरी, तिला कठडा नाही. पोरीच्या घोट्याला पट्टी आणि पट्टीचं दुसरं टोक कॉटला. आधी तिला सोडवलं, मग आईला बोलावणं धाडलं. ती मार्केट यार्डात कांदे निवडायची. नवरा वारल्यावर विदर्भातून आलेली, शहरात नात्याचं कुणी नाही.

महिला शिपायाला शेजारी बसवून चौकशी सुरू केली. "लाज नाही वाटली?" मी गरजलो.

"बांधलं नसतं तं मेली असती न जी."

मला ते उत्तर उद्धट वाटलं. पोरीला बालकल्याण समितीपुढे हजर करायचं, तिथून ती बालगृहात जाईल, असं मी ठरवून तिला सांगूनही टाकलं. ते ऐकताच बाई कोसळली. "माह्या पोरीले नेऊ नका जी!"

मग पंचनामा. त्यात वस्तूचं माप लिहावं लागतं. हवालदाराने पट्टी ताणून टेप लावला आणि थबकला. "साहेब, इकडे या जरा."

पट्टी माठापर्यंत पोचत होती, खेळण्यांपर्यंत पोचत होती. शेगडीपर्यंत नाही. आणि गॅलरीच्या कडेच्या हातभर आधी संपत होती! घोट्याकडच्या टोकाला आतून मऊ फडकं शिवलेलं. अहो, बाई अक्षरशः खरं सांगत होती, आणि मी तिच्यावर ओरडत बसलो होतो.

बांधणं चूकच, पट्टी गळ्यात अडकली असती तर, हे मी तिला स्पष्ट सुनावलं. पण आता मला घाई झाली. समितीपुढे उद्या दुपारी जायचं होतं. पोरगी घरी सुरक्षित राहील हे तोवर दाखवता आलं नाही, तर मायलेकींची ताटातूट नक्की.

आधी घरमालक गाठला. "लावतो की कठडा, उद्याच्याला. आज माणूस कुठं हाय?"

"माणूस आम्ही आणतो. आत्ता!" संध्याकाळी कठडा उभा होता.

अंगणवाडीच्या ताई दहापासून आई परतेपर्यंत सांभाळायला तयार झाल्या, पण आई घर सोडायची सहाला. मधल्या चार तासांचं काय? मी तडक फोन करणाऱ्या आजींच्या दारात.

"म्हणजे तक्रार मी करायची आणि शिक्षाही मीच भोगायची," आजी म्हणाल्या. मग चष्मा पुसत पुटपुटल्या, "सहाला मी उठलेलीच असते. पाठवा."

समितीने सगळा अहवाल वाचला आणि पोरगी आईच्या कडेवर बसून घरी गेली. खरं सांगतो, कुठल्या दरोडेखोराला पकडून मला एवढा आनंद झाला नव्हता!

त्या आईला कुणी तरी चार तास हवं होतं, बस्स. ते विचारायला आधी कुणी गेलं नाही, आणि मी गेलो तो दरडावायला. तेव्हापासून अशा घरात शिरलो की पहिला प्रश्न ठरलेला, "तुम्हाला मदतीला कोण आहे?"

महिन्याभराने, पंचनाम्यात जमा झालेली ती पट्टी परत न्यायला आई पोरीला घेऊन चौकीत आली. मी सही घेत होतो, तेवढ्यात टेबलाखाली काहीतरी हललं. पोरीने पट्टी माझ्या पायाला गुंडाळायला घेतली होती.

"अगं, हे काय?"

"तू पडशील न जी," ती गंभीरपणे म्हणाली.


हवालदार टेप घेऊन हजर. "साहेब, माप घेऊ?"