घाटाच्या पायथ्याशी नानांची झोप

वैजूच्या वडिलांना, म्हणजे नानांना, आमचं कळलं तेव्हा ते ओरडले नाहीत. म्हणाले, "एक खेप ये माज्यासंगं. मग बोलू." नाना कडावला राहतात, दहाचाकी ट्रक चालवतात. मी कर्जतचा, प्राध्यापकांशी भांडून बी.कॉम. दुसऱ्या वर्षात सोडलेला. वेळच वेळ होता. पिशवी घेतली आणि केबिनमध्ये चढलो.

जाताना वापीपर्यंत रिकामी गाडी, येताना पुण्यासाठी ड्रम. परतीला पहाटे पाचला निघालो आणि घोडबंदरला दोन तास अडकलो. तुमच्या मनात असा प्रवास असेल तर पाण्याचा कॅन घ्या, पाठीला उशी घ्या आणि गरम होतं म्हणून कुरकुरू नका, इंजिन मांडीशेजारीच असतं. चौकजवळ राइसप्लेट एकशे वीस रुपयांत मिळते. आमटी पुन्हा मागा, देतात.

जेवून उठलो तेव्हा नानांचे आठ तास भरले होते. कायदाही तेवढेच सांगतो, पण ट्रान्सपोर्टच्या ऑफिसातून फोनवर फोन, संध्याकाळी पोचाच. नाना झोपल्याशिवाय घाट चढत नाहीत. पण झोपायचं कुठे? घर तासाभरावर, तरी भरलेली गाडी वाट सोडून नेता येत नाही. रस्त्याकडेला लावावी तर मागून कुणी धडकेल, नाहीतर डिझेल काढून नेतील.

खालापूरच्या अलीकडे एका पंपामागे चिंचेखाली जागा होती. तिथले साठीचे वॉचमन म्हणाले, डिझेल भरणाऱ्यांच्याच गाड्या लावू देतो. नाना हात जोडून समजावत होते, तेवढ्यात मी तडकलो.

"जागा काय तुमच्या बापाची आहे का?"

त्यांनी शिट्टी वाजवून बाहेरचा रस्ता दाखवला. नानांनी जोडलेले हात सोडले आणि गाडी बाहेर काढली. तेच जास्त लागलं.

पुढचा ढाबा भरलेला. त्यापुढच्या हॉटेलाला ट्रक नको होते. खोपोली आली. नानांनी तोंडावर पाणी मारलं, तरी मिनिटभरात डावं चाक खडीवर उतरलं. त्यांनी सावरलं. समोर घाट दिसत होता, आणि वैजूचा बाप माझ्या तोंडामुळे जागा होता.

"नाना, गाडी वळवा. मी माफी मागतो."

"त्यानं नाय ऐकलं तर?"

"पुन्हा मागतो."

वॉचमननी मला बराच वेळ उभं ठेवलं. मग विचारलं, गाडीत कोण, वडील? नाही म्हणालो आणि पुढे काय सांगावं सुचेना, म्हणून वैजूचं सगळंच सांगून टाकलं. ते हसायला लागले. "मग सासऱ्याला उन्हात कशाला फिरवतोस रं? लाव चिंचेखाली. चाकाला दगड लाव."

नानांनी फोन माझ्या हातात दिला, सीटमागच्या फळीवर आडवे झाले आणि घोरू लागले. मी खाली डिझेलच्या टाकीशी बसलो. ऑफिसचा फोन आला. आयुष्यात पहिल्यांदा हळू आवाजात भांडलो: ते झोपलेत, आठ तास झालेत, उजाडलं की निघू.

सकाळी पंपावर वीस रुपयांत आंघोळ केली, घाट चढलो, पुण्यात माल उतरवला.

कडावला परतल्यावर नाना आत गेले. ओसरीवर वैजूने विचारलं, काय म्हणाले? लग्नाचं काहीच नाही, मी म्हणालो. नुसते झोपले, मी गाडीशी बसलो होतो.

ती म्हणाली, "मामा गेलेला एकदा बरोबर. तेव्हा नाना किल्ली मुठीत धरून बसल्या बसल्याच झोपले, आडवे झालेच नाहीत."

एवढ्या प्रवासातलं बाकी सगळं मागे पडलं. ते घोरणं तेवढं कानात राहिलंय.

आतून नानांचा आवाज आला, "त्याला च्या दिलास काय गं?"