दर गुरुवारी, सकाळी सहा वाजता

तुम्ही दर फोनला विचारता, आजी, ब्लॉग अजून रिकामा का? उन्हाळ्यात परदेशातून व्हिडिओ कॉलवर तुम्ही दोघी नातींनी तो उघडून दिलात, वर मागच्या अंगणातल्या जास्वंदीचा फोटो लावलात आणि म्हणालात, आता आमच्यासाठी लिही. मी हो म्हटलं. त्यानंतर काय झालं ते आज नीट, क्रमाने लिहिते.

माझं सगळं शिक्षण इंग्रजीत, आणि पुढे चौतीस वर्षं लोणावळ्यात शाळेत शिकवण्यात गेली. काम हातात घेण्याआधी ते दुसरे लोक कसं करतात हे बघायची सवय मला तेव्हापासूनची. म्हणून लिहिण्याआधी, आषाढात, मी लोकांचे ब्लॉग वाचायचं ठरवलं. एका वहीत रकाने आखले: कोण लिहितं, कशाबद्दल, कोणत्या वारी. रोज सकाळचा चहा झाला की एक तास. पहिल्या महिन्यात सत्तावीस ब्लॉग झाले. त्यातले एकोणीस लेखकांनी अर्धवट सोडून दिलेले होते. कुणी चार वर्षांपूर्वी ‘उद्या बाकीचं लिहिते’ असं लिहून गेलेली, तर कुणाच्या मुलाचा पहिला वाढदिवस झाला आणि पुढे काहीच नाही. दिवे चालू ठेवून माणसं निघून गेलेली घरं असावीत, तसं वाटायचं. मी प्रत्येकापुढे ‘बंद’ असं लिहीत गेले.

अठ्ठाविसावा ब्लॉग चालू होता. लिहिणाऱ्या बाईंनी नाव दिलं नव्हतं. ‘औंढे, मावळ. अंगणवाडीतून निवृत्त’ एवढंच. औंढे म्हणजे आपल्या घरापासून रिक्षाने पंधरा मिनिटं. जगभर शोधत फिरावं आणि शेजारीण भेटावी, असा आनंद मला झाला.

बाई दर गुरुवारी सकाळी सहाला लिहायच्या. एक मिनिट इकडे नाही की तिकडे नाही. हा गुण मला लगेच आवडला. लिखाण छोटं, बोलल्यासारखं. बांधावरची कुर्डूची भाजी कधी खुडायची, इंदुरीला त्यांच्या माहेरी नदीत पाय सोडून बसलं की किल्ल्याची भिंत पाण्यात कशी हलायची, अंगणवाडीतलं एक पोर रोज एकच घास खिशात घालून आईला कसं न्यायचं. मात्र एक गोष्ट मला खटकायची. चालू दिवसांबद्दल त्या सगळं अंदाजाने लिहायच्या. ‘आता पाऊस उघडला असंल. भात निसवायला लागलं असंल, लोंब्या दिसत असतील.’ दार उघडून बघायचं तर अंदाज कशाला? मी मनात म्हटलं, असेल गावाकडची रीत. त्या आठवड्यात तर औंढ्याच्या रस्त्याला वाऱ्यापावसाने भात आडवं झालेलं मी रिक्षातून स्वतः पाहिलं होतं, आणि बाई लिहीत होत्या, ‘यंदा भात उभं राहिलं असंल चांगलं.’

मग मी जुनं वाचायला मागे गेले आणि श्रावणातल्या एका गुरुवारपाशी थांबले. ते इथे जसंच्या तसं उतरवते.

‘लावणीला वाकले तवा पदराखाली गाठ हाताला लागली. बांधावर भाकर खाताना ह्यांना म्हणलं, कायतरी लागतंय हाताला. हे म्हणले, लावणी होऊ दे, मंग जाऊ. मी म्हणलं बरं. लावणी झाली. मंग तण काढायची बेणणी आली. मी परत काय म्हणलं न्हाई. ह्यांनी परत काय इचारलं न्हाई.’

पुढच्या गुरुवारी पुन्हा टाकळ्याची भाजी.

मी खाली प्रतिक्रिया लिहिली, माझं नाव देऊन: ‘कृपया लगेच डॉक्टरांना दाखवा. अशा गोष्टीत उशीर करू नये.’ उत्तर नाही. दुसऱ्या आठवड्यात लिहिलं, मी तुमच्याबरोबर यायला तयार आहे. उत्तर नाही. बाई मात्र ठरल्या वेळी लोणच्याच्या बरणीबद्दल लिहून मोकळ्या. तिसऱ्यांदा मला राग आला. शिकलेल्या बाईने असा हलगर्जीपणा करणं बरं नव्हे, असं मी लिहिलं. शाळेत वापरायचे तो आवाज. गणपती गेले, बाई गप्पच. शेवटी एका शुक्रवारी मी रिक्षा केली. बाईंना हाताला धरून दवाखान्यात न्यायचं, एवढंच मनात होतं.

अंगणवाडीच्या बाईंचं घर कुणीही दाखवलं असतं. दारात तिशीतली एक बाई तांदूळ निवडत बसली होती.

“घरातल्या मोठ्या बाई आहेत का?” मी विचारलं.

“मीच की आता मोठी. बोला.”

“अंगणवाडीत होत्या, त्या.”

तिने सूप खाली ठेवलं. “आत्या? आत्या वैशाखात वारल्या, मावशी. तुमी कोन?”

मी म्हटलं, असं कसं होईल, मी कालच त्यांचं वाचलंय. आणि पुरावा म्हणून फोन काढून तिच्यापुढे धरला. आता आठवलं की लाज वाटते. एखाद्या पोरीची चूक दाखवावी तसा मी तो धरला होता. ती, म्हणजे बाईंची सून, वाचत गेली. तिच्या हाताला चिकटलेले तांदळाचे दाणे एकेक करून खाली पडत होते. मग ती दाराला टेकली आणि म्हणाली, “हे आत्याच बोलत्यात. हे कोन लिवतंय मावशी? काल?”

तुम्हाला आठवत असेल, त्या दिवशी मी तिथल्या ओट्यावरूनच तुम्हाला फोन केला होता आणि तुम्ही झोपेतून उठलात. तुम्ही सांगितलंत की लिखाण आधी लिहून ठेवता येतं, दिवस आणि वेळ नेमून दिली की ते आपोआप बाहेर पडतं. किती लिहून ठेवलंय ते बाहेरून कळत नाही. सुनेला तेवढं पुरलं. अंगणवाडीच्या कामासाठी आत्यांना फोनवर लिहायची सवय होती, ती म्हणाली, आणि दवाखान्यातून शेवटचं घरी आणल्यावर त्या सारख्या फोनमध्ये असायच्या. घरच्यांना वाटायचं, गाण्याबिण्याचं काही बघत असतील. गाठ दोन वर्षांपूर्वीच्या लावणीतली होती.

एवढ्यात आबा, म्हणजे बाईंचे यजमान, गोठ्याकडून आले. सत्तरीचे, वाळलेले, डोळ्यांत मोतीबिंदू. सुनेने त्यांना ब्लॉगचं सांगितलं. स्वयंपाकघरातून अर्धी भाकरी आणून त्यांनी परसातल्या भिंतीवर ठेवली आणि तिच्यासमोर उभे राहिले.

“रोजचंच हाय हे,” सून हळू आवाजात म्हणाली. “कावळा शिवंपर्यंत जेवत न्हाईत. शिवला तरी म्हनत्यात, हा तसा शिवला न्हाई.”

मला या गोष्टी पटत नाहीत, हे तुम्हाला माहीत आहे. पण तिने सांगितलं ते लिहिते. दहाव्याला नदीवर पिंड ठेवले आणि कावळा शिवेना. झाडावर बसलेले दिसत होते, खाली येत नव्हते. माणसाची काही इच्छा राहिली की असं होतं, आणि मग घरच्यांनी ती ओळखून कबूल करायची असते. आबांनी हात जोडून एकेक कबूल केलं. नातीला शिकवीन. मेहुण्याशी बंद झालेलं बोलणं सुरू करीन. इंदुरीहून आलेल्या बाईंच्या भावाने वेगळं काही कबूल केलं. दोन तास गेले. शेवटी दर्भाचा कावळा करून शिववला आणि सगळे घरी आले.

“बाई,” आबा माझ्याकडे न बघता म्हणाले, “तिनं लिवलंय ते मला वाचून दावाल का? पयल्यापासनं?”

मी दर गुरुवारी जायला लागले. एका वेळी तीन-चार लेख. आबा आंघोळ करून, धुतलेली टोपी घालून बसायचे. सून कामाचं काहीतरी घेऊन दारात. पहिल्या दिवशी तिने मला चिडवलंसुद्धा, “लोणावळ्याचं मानूस आन् चिक्की न आनता आलं. म्हंजी खरंच तितलंच.” आबा त्यावर हसले होते. मी वाचत असताना मात्र ते जराही हलायचे नाहीत. कधीमधी बोलायचे, “व्हय, तसंच असायचं.” किंवा, “हे मला कवा बोलली न्हाई.” माझा आवाज बाईंचे शब्द बोलतोय, हे मला तिथे पावलोपावली जाणवायचं. घरी परत आल्यावर स्वतःशी बोलतानाही ‘न्हाई’ तोंडात यायचं आणि मी दचकायचे.

चौथ्या गुरुवारी श्रावणातला तो लेख आला. मला तो येणार हे ठाऊक होतं, रात्रभर ठाऊक होतं. मी बोटाने तो वर सरकवला आणि टाकळ्याची भाजी वाचायला लागले.

वाचून झालं. आबा थांबले. मग म्हणाले, “बाई, लावनीचं काय लिवलंय का तिनं?”

“लावणीचं?” मी म्हटलं. “नाही.”

“बांधावर आमी भाकर खाल्ली, त्याचं?”

“नाही आबा.”

त्यांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. “मंग न्हाई बोलली अजून. बोलंल.”

मला वाटलं होतं, मी त्यांना वाचवलं. पुढच्या गुरुवारी गेले तर सुनेने सांगितलं की ते पहाटेपासून अंगणात बसले होते, आणि सहा वाजता तिला म्हणाले, “बघ, आलं का?” त्याच्या पुढच्या गुरुवारी त्यांनी सकाळपासून पाणीसुद्धा घेतलं नव्हतं. त्यांची वाट बघणं आता भिंतीवरून फोनवर आलं होतं. किती गुरुवार शिल्लक आहेत हे कुणालाच माहीत नव्हतं, आणि ज्याची ते वाट बघत होते ते येऊन गेलेलं होतं.

मीही घरी सहाच्या आधी जागी व्हायला लागले. फोन टेबलावर असायचा. सहा वाजले की तो उजळायचा आणि खोलीत कुणीतरी आल्यासारखं वाटायचं. त्या बाईंनी हे सगळं बिछान्यावर पडून लिहिलं, दिवस मोजून दिले. त्यातला एक दिवस मी मधेच काढून घेतला होता. माझ्या तिन्ही प्रतिक्रिया त्याच लेखाखाली अजून होत्या. मेलेल्या बाईला मी हलगर्जी म्हटलं होतं, ते सगळ्या जगाला वाचता येत होतं.

त्या गुरुवारी निघताना फाटकापाशी सुनेने मला गाठलं.

“मावशी, तुमची शाळा लय चांगली असंल,” ती म्हणाली. “पोरांना न आवडनारा धडा तुमी गाळतच असाल.”

“तू वाचलंस?”

“पयल्याच दिशी. रातभर बसून समदं वाचलं.”

“मग तूच का नाही वाचून दाखवलंस?”

“मी?” ती हसली, पण हसू तोंडावर टिकलं नाही. “सुनंनं वाचलं तर सुनंनं रचलं म्हनतील. भावकी हाय हितं. आन् त्यास्नी बी मनात राहील, ही मला टोचून दाखवतीय. तुमी परक्या. तुमी वाचलं की ते आत्याचंच ऱ्हातंय. म्हनून तर मी तुमाला दर येळंला चा देतीय, न्हाईतर तुमी कोन?”

पुढच्या गुरुवारची वाट मी पाहिली नाही. दुसऱ्याच दिवशी गेले. आबा टोपी न घालता गोठ्यात बसले होते. मला अवेळी आलेली बघून उठले.

मी म्हटलं, “आबा, मी तुमच्याशी खोटं बोलले. त्यांनी लिहिलंय. श्रावणातच लिहिलंय.”

ते पुन्हा खाली बसले. “वाचा,” म्हणाले.

मी उभी राहूनच वाचलं. शाळेत पहिल्या दिवशी हजेरी घेताना माझा आवाज असा कापला होता, त्यानंतर कधी नाही. ‘ह्यांनी परत काय इचारलं न्हाई’ इथे संपलं. म्हैस शेपटी हलवत होती.

“पुन्यांदा वाचा.”

मी पुन्हा वाचलं. आबांचे ओठ माझ्याबरोबर हलत होते, ‘लावणी होऊ दे’ या शब्दांना तर आवाजही आला. मग त्यांनी सुनेला हाक मारली. ती दारातच होती. “आत बस,” ते म्हणाले. “आयक. मी म्हणलतो असं. ह्याच शब्दांत म्हणलतो. हिनं एक अक्षर जादा लिवलं न्हाई.” कंपनीतून पोरगा आला की त्यालाही हे वाचून दाखवायचं, असं त्यांनी तिला सांगितलं, आणि इंदुरीच्या भावालाही. ती मान खाली घालून हो म्हणाली.

मला ते रडतील, चिडतील, मला हाकलून देतील, असं बरंच काही वाटलं होतं. त्यांनी विचारलं, “खाली आपलं लिवता येतं म्हनता ना?”

“येतं.”

“लिवा. व्हय, म्हणलतो मी.”

मी लिहिलं. नाव घालायचा चौकोन आला, तेव्हा काय घालू म्हणून विचारलं.

“नाव कशाला? तिला कळंल की.”

चौकोन तसाच सोडून मी ते पाठवलं आणि त्यांना दाखवलं. त्यांना अक्षरं दिसली नसावीत, पण त्यांनी फोन दोन्ही हातांत धरला आणि बराच वेळ धरून ठेवला. मग परत दिला.

“कालचं ऱ्हायलंय ना, बाई? ते वाचा आता.”

काल जुने लेख वाचण्यातच वेळ गेला होता. मी कालचं काढलं. ते खेकड्यांबद्दल होतं. आता वावरात खेकडे निघाले असतील, बीळ बघून हात घालावा, असं होतं.